त्सावोचा पूल, लाल हत्ती आणि पी.डब्ल्यू.आय. बाबा

आईबाबा ऑगस्टमध्ये नैरोबीला येणार हे कळल्यावर इथल्या प्रत्येक ओळखीच्या माणसाने न विचारता सांगितलं, मसाई माराला घेऊन जा. त्यात चूक काही नाही. विल्डबीस्टचे ते प्रचंड कळप नदी पार करतात ते याच दिवसांत. पण परदेशी पाहुण्याला जुलै ते डिसेंबर तिथलं तिकीट माणशी दिवसाला २०० डॉलर पडतं, आणि हा आकडा मी फोनवर उच्चारल्यावर परभणीत जी शांतता पसरली ती मला नैरोबीत ऐकू आली. मग बाबा म्हणाले, "ते राहू दे. तुमच्याकडे तो पूल आहे ना, सिंहांनी काम बंद पाडलेला? तो दाखव."

बाबा रेल्वेत पी.डब्ल्यू.आय. होते. ज्यांच्या घरात रेल्वे नाही त्यांच्यासाठी सांगते: रूळ, स्लीपर, खडी आणि त्यांची राखण करणाऱ्या गँगा, या सगळ्याचा कारभारी. नोकरीची निम्मी वर्षं पूर्णा-अकोला मीटरगेजवर गेली. मोंबासाहून आत गेलेली युगांडा रेल्वेही मीटरगेजच. माणसं हिंदुस्थानातून नेलेली, बरीचशी सामग्रीही तिथलीच, आणि पगार रुपयांत, कारण इथे १९२० पर्यंत रुपयाच चालायचा. तर आमची सफारी त्सावोला, म्हणजे तो पूल ज्या भागात आहे तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत, ठरली ती अशी, प्राण्यांना न विचारता.

निघण्याआधीच्या दोन गोष्टी, कारण या चुकल्या की बाकी सगळं चुकतं. केनियाहून भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड लागतं. लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. वय साठच्या वर असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोलाच, बाबांच्या बाबतीत आम्ही तेच केलं. दुसरं, प्लास्टिकच्या पिशव्या. इथे २०१७ पासून बंदी आहे. हे आईला सांगितलं तेव्हा तिचं निम्मं सामान कॅरीबॅगमध्ये भरून झालेलं होतं. तिने कपाट उघडलं, ओटीत आलेले आणि कधीच न शिवलेले ब्लाउजपीस काढले, आणि चार दिवसांत मशीनवर सतरा पिशव्या शिवल्या. चकल्या जांभळ्या पिशवीत, शेंगदाण्याची चटणी मोरपंखीत, मेतकूट पिवळ्यात. नैरोबी विमानतळावर बॅग उघडायला लावली तेव्हा कस्टमची बाई त्या पिशव्या बघून हसली आणि "नाइस" म्हणाली. आईचा केनियाबद्दलचा ग्रह तिथेच चांगला झाला.

शनिवार, नैरोबी

ऑगस्टमध्ये नैरोबी थंड आणि करडी असते. आफ्रिका म्हणून सुती कपडे घेऊन आलेले पाहुणे पहिल्या दिवशी माझे स्वेटर घालतात, तसे यांनीही घातले. परभणीहून निघताना पाऊस, इथे भुरभुर. "ऊन कुठाय तुमचं?" असं बाबा दोनदा म्हणाले.

रेल्वे म्युझियम जुन्या स्टेशनाजवळ आहे. अंगणात गॅरेट जातीचं भलंमोठं इंजिन उभं आहे, 'माउंट गेलाई'. मीटरगेजवर एवढं धूड कसं उभं राहतं हे बाबा माझ्या नवऱ्याला पंधरा मिनिटं समजावत होते. पण आम्हाला बघायचा होता तो लाकडी डबा. १९०० सालच्या जूनमध्ये रायल नावाचा पोलीस सुपरिंटेंडेंट किमा स्टेशनच्या सायडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर, या डब्यात बसून नरभक्षक सिंहाची वाट बघत होता. बघता बघता झोपला. सिंह सरकत्या दारातून आत आला, दार त्याच्यामागे आपोआप बंद झालं, आणि तो रायलला घेऊन खिडकीतून गेला. आत आणखी दोघं होते, ते वाचले.

"दार आपोआप कसं बंद होईल?" बाबा.

सांगतात ते असं की सायडिंगचा रूळ नीट समपातळीत बसलेला नव्हता. डबा एका अंगाला कललेला होता, सिंहाचं वजन पडल्यावर आणखी कलला आणि दार घरंगळलं. हे ऐकल्यावर बाबांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला समाधानच म्हणावं लागेल. "क्रॉस लेव्हल," ते म्हणाले. "बिचाऱ्या सिंहाला काय बोल लावायचा? स्लीपरखाली खडीचं पॅकिंग कुणी केलं होतं ते विचारा." पुढचे दोन दिवस माझा नऊ वर्षांचा मुलगा प्रत्येक कललेल्या वस्तूला 'क्रॉस लेव्हल' म्हणत होता.

रविवार, वोईकडे

त्सावोला गाडीने जाता येतं, पण बाबांना घेऊन मोंबासा रोडने ट्रकांमागे जाणं म्हणजे अपमान झाला असता. नैरोबी-मोंबासा नवी रेल्वे २०१७ साली सुरू झाली. थांबे घेणारी गाडी हवी तर सकाळी आठची घ्यायची, ती वोईला थांबते. स्टेशन शहराबाहेर स्योकिमाउला आहे. तास-सव्वा तास आधी पोचा, कारण तपासणी साग्रसंगीत असते. सगळ्यांनी आपलं सामान जमिनीवर एका रांगेत ठेवायचं, बाजूला सरकायचं, आणि कुत्रा येऊन हुंगून जातो. आमच्या ब्लाउजपीसच्या पिशव्यांपाशी कुत्रा जरा रेंगाळला. आईच्या काळजात धस्स. मसाल्याचा वास असणार, पुढे गेला बिचारा.

बाबांनी फलाटावरून वाकून रूळ बघितला आणि जाहीर केलं, "स्टँडर्ड गेज. १४३५ मिलिमीटर. पुण्याची मेट्रो आहे तेवढं. आपल्या ब्रॉडगेजच्या मानाने अरुंदच." शेजारच्या बाकावरच्या केनियन आजोबांना यातलं 'गेज' एवढंच कळलं असावं, पण ते जुन्या रेल्वेतून मोंबासाला रात्रभर कसे जायचे हे त्यांनी इंग्रजीत सांगितलं, बाबांनी रेल्वेच्या इंग्रजीत उत्तर दिलं, आणि म्तितो आंदेईपर्यंत दोघांचं छान जमलं. आजोबांनी शिजवलेलं कणीस दिलं, आईने चकली दिली.

म्तितो आंदेईनंतर दोन्ही बाजूंना त्सावो सुरू होतं. जमीन लाल होते. नुसती तांबूस नाही, कोकणातल्या जांभ्यासारखी लाल. मुलगा ओरडला, "हत्ती!" आणि डब्यातल्या निम्म्या लोकांनी मोबाइल काढले, उरलेल्यांनी मानही वळवली नाही. रूळ उंच भरावावर आहेत आणि प्राण्यांना इकडून तिकडे जायला खालून बोगदे ठेवलेत. हत्ती त्यातून जातात. त्या बोगद्याच्या उंचीबद्दल बाबांचं मत होतं, पण वोई आलं.

वोईला उतरल्यावर पहिला धक्का उकाड्याचा. नैरोबीपेक्षा हजार मीटरहून जास्त खाली आहोत आपण. स्वेटर पिशवीत गेले, आईबाबांना घरी आल्यासारखं वाटलं. इथे मलेरिया आहे, नैरोबीत बसून विसरायला होतं. गोळ्यांचं डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

आमचे चालक तैता डोंगरातले, पन्नाशीचे, अत्यंत शांत. त्यांनी बाबांशी हात मिळवून 'म्झे' म्हटलं, म्हणजे वडीलधारे. मग आईकडे वळून, झुकून, आदराने म्हणाले, "कारिबू, मामा."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, स्वाहिलीत मामा म्हणजे आई. बाबा म्हणजे बाबाच. पण काका म्हणजे भाऊ, आणि दादा म्हणजे बहीण. आईला हे इतकं आवडलं की संध्याकाळी लॉजवरून तिने परभणीला मावशीला फोन लावला तो "काय गं दादा, कशी आहेस?" असा. शब्दांचा तर तिला नादच लागला. गाडीला गारी, साबणाला साबुनी, हिशेबाला हेसाबु, दुकानाला दुका. झेब्र्याला पुंडा मिलिया, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचं गाढव. हे शेवटचं ऐकून मुलगा गडाबडा लोळला.

सोमवार, दिवसभर त्सावो ईस्ट

श्रावणी सोमवार. आईचा उपवास. "परदेशात नाही केला तर चालतो" वगैरे मी बोलून बघितलं, तिने उत्तरही दिलं नाही.

लॉजच्या आचाऱ्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं. इथल्या लॉजना गुजराती पाहुण्यांची सवय आहे, त्यामुळे 'कांदा नको' म्हटलं की त्यांचा चेहरा बदलत नाही. पण उपवास हे प्रकरण नवीन. त्याने विचारलं, काय चालतं? आईने बोटं मोजत सांगितलं: रताळं, शेंगदाणे, दूध, फळं. पहाटे साडेपाचला त्याने ताट आणलं. उकडलेली रताळी. बाजूला करड्या-जांभळ्या रंगाच्या कसल्यातरी चकत्या, त्याच्या भाषेत न्दुमा. आईने एक तुकडा बोटांनी दाबला, वास घेतला. "अगं, ह्या अळकुड्या आहेत!" खरंच होत्या. आणि तिसरी पांढरी, दोरे असलेली फोड होती ती मुहोगो, कसावा. नवरा म्हणाला, "आई, आपला साबुदाणा यापासूनच करतात." तिने ती फोड उलटीसुलटी करून पाहिली. "जन्मभर खाल्ला, पण मूळ आज बघितलं," म्हणाली, आणि त्याच्यावर जिरं-मिठाची चिमूट टाकून खाल्ली. जिऱ्याची पुडी तिच्या पर्समध्ये होतीच.

सहाला गेट उघडतं. पैसे रोख घेत नाहीत, आधीच ऑनलाइन भरून पावती जवळ ठेवा. आमच्यासारख्या इथे राहणाऱ्यांना वेगळा, कमी दर आहे, पण त्यासाठी ओळखपत्र मूळ प्रत हवी. पाण्याच्या एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटल्याही उद्यानात नेऊ देत नाहीत. आणि मुलांना लष्करी छापाचे कपडे घालू नका, सामान्य माणसाला ते इथे मनाई आहेत. आमच्या चिरंजीवांची लाडकी टोपी नैरोबीतच राहिली, त्यावरून रुसवाही झाला.

त्सावो ईस्ट अफाट आहे. तेरा हजार चौरस किलोमीटरच्या वर. त्यामुळे मारासारखी एका सिंहाभोवती पंधरा गाड्या ही भानगड नाही, पण तासभर काहीच न दिसण्याचीही तयारी हवी. सकाळचा पहिला तास असाच गेला. काटेरी झुडपं, लाल रस्ता, वारुळं. मग चालकांनी गाडी थांबवून बोट दाखवलं. एक लांब मानेचं हरीण मागच्या दोन पायांवर ताठ उभं राहून झुडपाचा शेंडा खात होतं. गेरेनुक. आई म्हणाली, "ही तर बाभळीला लागलेली शेळी." आता मला ते दुसरं काही वाटतच नाही.

सिंह अरुबा धरणाजवळ दिसले. दोन माद्या आणि एक नर, झुडपाच्या सावलीत, पोटं भरलेली. नराला आयाळ जवळजवळ नव्हतीच, गळ्याखाली जरा खुरटे केस. त्सावोत असे नर बरेच असतात, उष्णता आणि काटे ही कारणं सांगतात. बाबा बराच वेळ बघत राहिले. "तेही असेच होते ना? पुलाजवळचे?" चालक म्हणाले, हो, दोघंही बिनआयाळीचे. सिंहाने जांभई दिली, कूस बदलली. सिंहाचं एवढंच.

हत्ती मात्र. त्यांच्याबद्दल लिहायला मला जमणार नाही, तरी लिहिते. दुपारी अकराच्या सुमाराला पाणवठ्याकडे एक कळप आला, मोजून बावीस. चालकांनी इंजिन बंद केलं. इथली लाल माती हत्ती अंगावर उडवून घेतात, चिखलात लोळतात, म्हणून सगळा कळप विटेच्या रंगाचा. एक मोठी हत्तीण आमच्यापासून फारतर दहा पावलांवर येऊन थांबली. तिच्या पापण्या लांब होत्या आणि प्रत्येक केसावर धूळ बसलेली. कान हलला की धुळीचा एक पडदा खाली पडायचा. तिच्या पोटातून खोल गुरगुर येत होती, लांब कुठेतरी मालगाडी चालल्यासारखी, कानापेक्षा गाडीच्या पत्र्यातून कळणारी. सोंडेचं टोक हवेत फिरलं, उघड्या छपराच्या कडेपर्यंत आलं, हुंगलं, मागे गेलं. कुणी श्वास घेतला नाही. पिल्लू तिच्या पायांमधून आमच्याकडे बघत होतं.

आईने हात जोडले होते. हत्तीण वळल्यावर ती हळूच म्हणाली, "शेंदूर माखलेला गणपतीच."

"शेंदूर नाही, गेरू," बाबा.

हा वाद लॉजपर्यंत चालला.

लॉजवर परतल्यावर आरशात पाहिलं तर आम्हीही त्याच रंगाचे. टीप: पांढरे कपडे घालू नका. बाबांनी घातला होता, त्यांचा नेहमीचा पांढरा बुशशर्ट.

संध्याकाळी आईने उपवास सोडला तो भात आणि न्देंगु यावर. न्देंगु म्हणजे मुगाची उसळच, जरा पातळ. आचाऱ्याने स्वतः आणून वाढली आणि बाजूला उभा राहिला. आईने एक घास खाऊन बोटांचा चिमटा करून दाखवला. तिने त्याला मोरपंखी पिशवी दिली, चटणीसकट.

मंगळवार, पूल

वोईहून हमरस्त्याने नैरोबीच्या दिशेला पाऊण-एक तास. त्सावो नदी तिथे रस्त्याखालून जाते, आणि शेजारून दोन्ही रेल्वे: उंचावरून नवी, खालून जुनी. चालकांनी गाडी कडेला घेतली, तिथल्या पहारेकऱ्याशी बोलून आले. रेल्वे, पूल, सरकारी इमारती यांचे फोटो काढायचे तर इथे आधी विचारावं, आम्ही विचारलं.

दिसायला काही विशेष नाही, आधीच सांगते. मध्यम आकाराची नदी, काठाला झाडी, त्यावर मीटरगेजचा लोखंडी पूल. मूळचा पहिल्या महायुद्धात जर्मनांनी उडवला होता, हा नंतर बांधलेला. १८९८ च्या मार्चपासून डिसेंबरपर्यंत दोन सिंह इथल्या तंबूंतून मजूर उचलून नेत होते. काट्यांची कुंपणं, शेकोट्या, कशाने थांबेनात. शेवटी मजुरांनी येणारी गाडी अडवली, तिच्यात चढून शेकडोंनी निघून गेले आणि काम काही आठवडे ठप्प झालं. पॅटरसन या इंजिनिअरने डिसेंबरात दोन्ही सिंह मारले, एक ९ तारखेला, दुसरा २९ ला. बळी किती, याचे आकडे निरनिराळे आहेत. पॅटरसनने पुढे १३५ सांगितले. सिंह आता शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये पेंढा भरून ठेवलेत, त्यांच्या हाडांची आणि केसांची तपासणी होऊन २००९ मध्ये जो अंदाज आला तो सुमारे ३५ चा.

हे सगळं मी मोबाइलवरून वाचून दाखवत होते. बाबा रुळाकडे बघत होते. लोखंडी स्लीपर, गवत उगवलेलं. बुटाच्या टोकाने त्यांनी खडी जराशी सरकवली, सवयीने.

"आणि एकूण?" त्यांनी विचारलं. "पूर्ण लाईनवर?"

हिंदुस्थानातून आणलेले मजूर सुमारे ३२ हजार, बहुतेक पंजाबातले. १९०१ च्या अखेरीला लाईन व्हिक्टोरिया सरोवराला टेकेपर्यंत मेले ते सुमारे अडीच हजार. ताप, हगवण, अपघात.

"लाईन किती लांब?"

"नऊशे तीसेक किलोमीटर."

बाबांनी तोंडी हिशेब केला. "किलोमीटरला अडीचच्या वर." थोडं थांबून म्हणाले, "माझा सेक्शन बेचाळीस किलोमीटरचा होता."

नवऱ्याला काही कळलं नाही. मला कळायला क्षण लागला. म्हणजे शंभरावर माणूस, त्यांच्या एका सेक्शनमध्ये. त्यांच्या गँगांत एकूण माणसं तरी तेवढी असतील का, कोण जाणे.

"सिंहांनी पस्तीस नेले तर त्यांना अमेरिकेत काचेत ठेवलं," ते म्हणाले, आणि मग मुलाला हाक मारून रुळाचे तुकडे जोडणारी फिशप्लेट कशी असते ते दाखवायला लागले.

दुपारी त्सावो वेस्टमध्ये म्झिमा झऱ्यांना गेलो. थोडक्यात: च्युलू डोंगरांच्या लाव्हात मुरलेलं पाणी इथे वर येतं, काचेसारखं स्वच्छ, आणि नळाने पार मोंबासापर्यंत जातं. पाणघोडे, मगरी, बंदूकधारी रक्षक बरोबर. पाण्याखाली काचेची खोली आहे, तिथे मुलगा अर्धा तास मासे बघत बसला. पण मनं पुलावरच होती. शिवाय त्सेत्से माश्या. गडद निळ्या आणि काळ्या रंगावर त्या येतात हे ठाऊक असूनही नवऱ्याने गडद निळा टीशर्ट घातला होता. पाठ सुजली. सहानुभूती मिळाली नाही.

बुधवार, परत

निरोप घेताना चालकांनी आईला "सफारी न्जेमा, मामा" म्हटलं, प्रवास सुखाचा होवो. आईने त्यांना पिवळी पिशवी दिली. मेतकूट काय असतं हे त्यांना समजावण्याचा प्रयत्न कुणीच केला नाही, भाताबरोबर खा एवढं सांगितलं.

गाडीत बाबांनी खिडकीची जागा नातवाला दिली नाही.

परभणीला परतल्यावर आईने शेजारी फोटो दाखवले. पहिली प्रतिक्रिया, "हे मोबाइलमध्ये रंग बदललेत ना?" हत्ती लाल असतो हे कुणाला पटेना. शेवटी तिने आतून बाबांचा पांढरा बुशशर्ट आणून दाखवला. तीनदा धुतलाय, म्हणते, तरी कॉलर अजून गेरूच्या रंगाची आहे. फोनवर मला हे सांगताना ती 'शेंदूर' म्हणाली नाही, हे मागून बाबांनी लगेच लक्षात आणून दिलं.